जोडीतली दुसरी

४ फेब्रुवारी, मंगळवार

ढब्बू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी टेबलाच्या कडेला सारलं असशील, आणि तुझ्या बायकोने "अहो, फोडा तरी" म्हणून डोळे वटारले असतील. तिला माझे आशीर्वाद सांग. तुला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

पाच वर्षांनी लिहितेय ते कामासाठी. सतरा वर्षांपूर्वी माझी डावी किडनी काढून तुला बसवली, त्या वेळची फाइल तुझ्याकडेच राहिली. निळी, दोरीवाली. तुझ्या कागदांबरोबर माझ्याही सगळ्या तपासण्या त्यात आहेत. त्यातली, ऑपरेशनच्या आधी काढलेली माझ्या सीटी स्कॅनची फिल्म मला हवी आहे. विम्याच्या कामासाठी. कुरिअरने पाठव. सोबत चिठ्ठी लिहायलाच हवी असं नाही.

फोन केला असता, पण तू फोनवर "बोल" म्हणतोस तो असा, की त्यापुढे भांडणाखेरीज काही सुचत नाही. पत्रात निदान मधे कोणी तोंड घालत नाही.

इकडे सगळं मजेत. तुझे भावजी निवृत्त झाल्यापासून शब्दकोड्यांतच राहतात. परवा विचारलं, "चार अक्षरी, थांबता थांबत नाही," आणि माझ्याकडेच बघत बसले. उत्तर 'बडबड' निघालं. माझी ड्रायव्हिंग स्कूल जोरात आहे. गेल्या आठवड्यात एका दाताच्या डॉक्टरने गाडी उलटी घेताना रोपवाटिकेच्या अकरा कुंड्या आडव्या केल्या. माझ्या पायाखालचा जादा ब्रेक होता म्हणून बारावी वाचली. "मॅडम, ब्रेक समजून दुसरंच दाबलं," म्हणाले. म्हटलं, दात उपटताना तरी बघून उपटत जा.

मी ठणठणीत.

ताई

ता. क. मीठ कमी खातोस ना, असं वर एका ठिकाणी लिहून खोडलंय. खोडलेलं वाचू नकोस.


१५ फेब्रुवारी, शनिवार

ढब्बू,

फाइल मिळाली. चिठ्ठीही मिळाली. "विम्याला स्कॅनची फिल्म कशाला लागते? खरं सांग." पाच वर्षांनी भावाचं पत्र आलं, तेही उलटतपासणीचं!

आधी फाइलीबद्दल बोलू दे. दोरी सोडली तर वरच तुझे रिपोर्ट. मागच्या पाच वर्षांतले, तारीखवार लावलेले, दर तीन महिन्यांनी एक. क्रिएटिनिन जागचं हललेलं नाही. चुकून आले म्हणावं तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने "ठीक" लिहिलंय. मी ते सगळे दोनदा वाचले. भावजींनी विचारलं, "काय वाचतेस एवढं रंगून?" मी म्हटलं, कादंबरी.

म्हणजे तू नीट राहत होतास. मी तुझ्या घरी, भर पंगतीत, तुझ्या साहेबांसमोर तुझ्या ताटातलं मीठ उचलून आत नेऊन ठेवलं, आणि वर त्यांनाच विचारलं, "हा ऑफिसात पाणी पितो का हो?" तेव्हाही तू नीटच राहत होतास. तू म्हणालास, "ताई, किडनी दिलीस की भाड्याने दिलीस?" सगळे हसले. मी पर्स उचलली आणि निघाले. त्यानंतर तू दोनदा फोन केलास, ते मी घेतले नाहीत. तिसरा तू केला नाहीस. मी मात्र सगळ्यांना "त्याने बोलणं टाकलं" असंच सांगत आले.

आता खरं. डिसेंबरात पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली. पोटाला काही झालेलं नव्हतं, पण माझ्या उरलेल्या किडनीत एक गाठ सापडली. सव्वादोन सेंटिमीटर. मग साधा सीटी स्कॅन झाला. रिपोर्टात शेवटी काय, तर "निश्चित सांगता येत नाही." गाठीत नुसतं दाट पाणी साठलेलं असेल तर तिच्यापासून काही धोका नाही. भरीव असेल तर कॅन्सर असू शकतो. मग एमआरआय करा म्हणाले. त्या बोगद्यात सात मिनिटं टिकले, आणि हातातला रबरी फुगा असा दाबला की बाहेरची बाई धावत आली.

सर्जन भला माणूस आहे, पण गोड बोलत नाही. म्हणाला, गाठ किडनीच्या मधोमध, रक्तवाहिन्यांना चिकटून आहे. नुसती गाठ काढायला गेलो तरी अख्खी किडनी गमवावी लागू शकते. तुमच्याकडे दुसरी नाही. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

दुसरी का नाही, ते त्याला माहीत आहे. तुलाही.

आणखी एक कबुली, एकदाच देते. किडनी दिलेल्याने वर्षातून एकदा तपासून घ्यायचं असतं. मी सहा वर्षं गेले नव्हते. तुझ्या मिठावर पहारा ठेवणारी मी! आता हसलास तरी चालेल.

तू येऊ नकोस. भावजी आहेत.

ताई


२० फेब्रुवारी, गुरुवार

ढब्बू,

तुझा फोन आला तेव्हा मी गाडीत होते. भावजींनी घेतला. "सगळं ठीक आहे, असं सांगितलं," म्हणाले, आणि म्हणताना कोड्यातल्या रिकाम्या चौकोनांकडे बघत राहिले. त्यांना खोटं बोलता येत नाही हे तुलाही ठाऊक आहे. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक. एक आशेची बातमी आहे.

माझ्याकडे चाळिशीची एक विद्यार्थिनी येते. मोठ्या हॉस्पिटलात स्कॅनचं मशीन चालवते, म्हणून मी तिला स्कॅनवाली म्हणते. परीक्षेत दोनदा नापास. कारण ती आरसे इतके बघते की समोर बघायला वेळच उरत नाही. परवा ती चौकात सिग्नलला गाडी लावत होती आणि मी ओरडायची विसरले. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या दोन फूट पुढे गेली. तिने हँडब्रेक ओढला आणि सरळ माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुम्हाला बरं नाहीये."

"सिग्नल बघ."

"तुम्ही ओरडला नाहीत. काय झालंय?"

बाजूला गाडी घ्यायला लावून सांगितलं सगळं. ती माझी कोणी नाही, पण सांगून बरं वाटलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "स्पेक्ट्रल सीटी केलाय का?"

मला वाटलं ही भुताखेतांचं काही सांगतेय.

मग त्या बंद गाडीत वीस मिनिटं तिने मला शिकवलं आणि मी विद्यार्थिनीसारखं ऐकलं. तुला जमेल तसं सांगते. साध्या स्कॅनचं चित्र काळं-पांढरं. एखादी जागा उजळली की उजळली, ती कशाने उजळली ते कळत नाही. स्कॅनच्या आधी शिरेतून जे औषध देतात त्यात आयोडीन असतं. ते रक्ताबरोबर सगळीकडे जातं. भरीव गाठीला रक्त लागतं, म्हणून ती आयोडीन पिते. पाण्याच्या गाठीत रक्तवाहिन्याच नसतात, ती कोरडी राहते. पण किडनी स्वतः औषधाने इतकी लखलखते की तिच्या पोटात बसलेली छोटी गाठही जराशी उजळल्यासारखी वाटते. तो उजेड गाठीचा की शेजारणीचा, तिथेच माझं घोडं अडलंय.

"स्पेक्ट्रल मशीन क्ष-किरणांच्या दोन वेगवेगळ्या ताकदी एकाच वेळी वाचतं," ती म्हणाली. "त्यामुळे आयोडीन तेवढं वेगळं काढून दाखवता येतं. तुमच्या गाठीत ते आहे की नाही, दिसेल. आणि औषधही कमी लागतं. एकाच किडनीवर आहात, तेवढंच बरं."

"सर्जनने का नाही सांगितलं मग?"

"सगळीकडे मशीन नसतं ना. तुम्ही विचारा तर."

विचारलं. सर्जनने जराही आढेवेढे न घेता चिठ्ठी लिहून दिली. "मीच पाठवणार होतो, तिकडे तारीख मिळत नव्हती," म्हणाला. स्कॅनवालीने तारीख मिळवली. तू पाठवलेली फिल्म तिच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी उजेडाच्या पेटीवर लावली आणि भिंग घेऊन कितीतरी वेळ बघितली. त्याच जागी, सतरा वर्षांपूर्वी, मुगाएवढा एक ठिपका आहे! तेव्हाच्या रिपोर्टात एका ओळीत त्याची नोंदही आहे: पाण्याची बारीक गाठ, काळजीचं कारण नाही. आपण दोघांनी तेव्हा तुझ्याकडे बघायचं म्हणून ती ओळ वाचलीच नव्हती.

म्हणजे सुटले असं नाही. बाई म्हणाल्या, "जुनी आहे हे चांगलं, पण वाढली का, ते बघायला हवं."

स्कॅन पंचवीस तारखेला. येऊ नकोस, पुन्हा सांगते. तू आलास की मी तुझीच काळजी करत बसेन, आणि त्या दिवशी मला माझी करायची आहे.

ताई


२५ फेब्रुवारी, मंगळवार

ढब्बू,

झाला स्कॅन. निकाल परवा. आत्ता संध्याकाळचे पाच वाजलेत आणि मी बादलीभर पाणी प्यायलेय, औषध धुऊन निघावं म्हणून.

या वेळी बोगदा नव्हता. मोठ्या मेदूवड्यासारखं— नाही, टायरसारखं म्हणू, ते माझ्या धंद्यातलं. टायरसारखं गोल मशीन आणि त्यातून सरकणारा पलंग. हाताला सुई. काचेच्या पलीकडे स्कॅनवाली. नेहमी मी तिला हुकूम सोडते, आज तिची पाळी.

"श्वास घ्या. रोखा. हलू नका."

मी रोखला.

"मॅडम, डोकं उचलून आरशात बघू नका!"

तिथे आरसा नव्हताच. तेवढ्याशा संधीत तिने हिशोब चुकता केला. मी हसले आणि पहिलं चित्र हललं. परत काढावं लागलं.

औषध शिरेत गेलं तसं अंगभर गरम पाणी फिरल्यासारखं वाटलं, घशापासून पार खालपर्यंत. त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी मी खाली हात लावून खात्री केली. बाहेर आल्यावर तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. "मला काही सांगायची परवानगी नाही," म्हणाली, आणि खरंच दगडासारखा चेहरा करून उभी राहिली. गाडी चालवताना असा स्थिर राहिला असता तर केव्हाच पास झाली असती.

आता जे लिहायला बसलेय ते लिहिते.

सर्जनने डायलिसिसचं सांगितलं त्या दिवशी मी घरी न येता बागेतल्या बाकावर बसले. भावजींना क्लास आहे असं सांगितलं. आणि ढब्बू, त्या बाकावर मी विचार केला, दिली नसती तर? दोन असत्या तर एक काढून टाकली असती आणि घरी आले असते. तो विचार मनात आला आणि लगेच गेला, असं मला लिहायला आवडलं असतं. पण तो गेला नाही. अख्खी दुपार माझ्याशेजारी बसून होता. मी तुझा राग केला. तुझ्या मिठाचा, तुझ्या विनोदाचा, तू तिसरा फोन न केल्याचा. इतका, की समोरच्या झोपाळ्यावरच्या पोरी गप्प झाल्या. माझ्या तोंडून मोठ्याने काहीतरी निघालं असावं.

मग मी स्वतःला विचारलं, बरं, आज ती सही करायचा कागद पुन्हा पुढे आला तर? गाठीबद्दल सगळं माहीत असताना? मी बराच वेळ लावला. उत्तर मला आधीच माहीत आहे असं धरून चालले नाही. सतरा वर्षांपूर्वी सगळ्यांनी मला देवी करून ठेवलं होतं, त्यामुळे मला विचार करायची सोयच उरली नव्हती. त्या दिवशी मात्र एकटीने, घाबरलेली, रागावलेली अशी बसून विचार केला.

सही केली असती. नाक मुरडून, पण केली असती.

हे तुला चांगलं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. दोन्ही खरं आहे म्हणून लिहिलं. राग केला हेही, आणि सही केली असती हेही. परवा निकाल काहीही येवो, पहिला प्रश्न तुझ्या डोक्यात तोच येणार, "माझ्यामुळे?" म्हणून आधीच पोस्टात टाकते.

ताई


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ढब्बू!

काल फोनवर मी नुसती रडले आणि तू "म्हणजे काय? चांगलं की वाईट? भावजींना दे फोन!" असं ओरडत राहिलास. भावजीही रडत होते. शेवटी तुला शेजारणीकडून कळलं. लाज वाटते. आता नीट सांगते.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र उघडलं. रंगीत! जिथे आयोडीन आहे तिथे केशरी. माझी किडनी शेगडीवरच्या निखाऱ्यासारखी पेटलेली, आणि तिच्या मधोमध एक गोल काळा डाग. काळा म्हणजे वाईटच, असं आपल्याला लहानपणापासून वाटतं.

"हे काळं..." मी म्हटलं.

"तेच तर हवं होतं!" बाई म्हणाल्या. "इथे आयोडीनचा थेंब नाही. हिला रक्तपुरवठा नाही. आत दाट पाणी आहे, कधीतरी थोडा रक्तस्राव होऊन साकळलेलं, म्हणून साध्या स्कॅनवर भरीव वाटत होती."

"म्हणजे कापायचं नाही?"

"कशाला कापायचं? सहा महिन्यांनी बघू, मग वर्षातून एकदा. शंभर टक्के असं आमच्याकडे काही नसतं, पण मी आज निवांत जेवणार आहे. तुम्हीही जेवा."

आणि बाईंनी आणखी एक दाखवलं. ही एकटी राहिलेली किडनी नेहमीपेक्षा बरीच मोठी झालीय. जोडीतली एक गेली की दुसरी दोघींचं काम अंगावर घेते आणि वाढते. इतकी वर्षं मी सगळ्यांना "अर्ध्यावर चाललेय" सांगत होते. अर्ध्यावर कुठली!

तिथून सर्जनकडे गेलो. त्याने रिपोर्ट वाचला, पहिल्यांदाच हसला, आणि म्हणाला, "तुमच्या भावाला कळवलंत का? त्यांचा परवा फोन आला होता."

"त्याचा? तुम्हाला?"

"हो. विचारत होते, तुमची किडनी त्यांच्याकडे आहे ती काढून परत तुम्हाला बसवता येते का. मी म्हटलं, असं करत नाहीत. तर म्हणाले, 'करत नाहीत की येत नाही, ते सांगा. मी चार वर्षं डायलिसिसवर काढली आहेत, मला सवय आहे.'"

भावजींनी खिशातला रुमाल काढला आणि तो स्वतःच वापरला. मला दिला नाही.

गाढवा. असलं कोणी विचारतं का? आणि मला न सांगता?

आता ये. येऊ नकोस असं दोन पत्रांत लिहिलं ते सगळं रद्द. मिठाची वाटी तुझ्या ताटाशेजारी ठेवीन आणि तोंड दुसरीकडे करीन. जमेल तेवढा वेळ.

ताई

ता. क. स्कॅनवाली काल तिसऱ्यांदा परीक्षेला बसली. पास झाली. आरशात न बघता. म्हणजे आता शहरात जपून.


२३ मार्च, रविवार

ढब्बू,

पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. तुम्ही गेल्यावर भावजी म्हणाले, "घर एकदम मोठं वाटतंय." आठ दिवस तुम्ही दोघं खोलीभर चार्जर पसरून बसलात तेव्हा लहान वाटत होतं.

तू निघताना फलाटावर विचारलंस, "त्या दिवशी सोनोग्राफीच्या खोलीत अशी गप्प का झालीस?" मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. गाडी सुटत होती म्हणून तसं सांगितलं. डोळ्यात काही गेलं नव्हतं.

तुझी सहामाही तपासणी इथेच उरकून घेऊ, असं तुझी बायको म्हणाली तेव्हा मला वाटलं, मी बाहेर थांबेन. तूच म्हणालास, "आत ये ना, तुझीच आहे." तू पलंगावर पडलास. शर्ट वर केलास. उजव्या बाजूला, खाली, पोटाच्या पुढच्या अंगाला ती शिवण. मी इतक्या वर्षांत ती उघडी पाहिली नव्हती. डॉक्टरने थंडगार जेल लावलं तेव्हा तू लहानपणी अंघोळीला करायचास तसं "हाऽ" केलंस. त्याने मशीनचं टोक टेकवलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "ही बघा, बाई. छान आहे."

तू म्हणालास, "बघ, जाडी झालीये. माझ्याकडे खाऊन-पिऊन सुखी आहे."

मी सतरा वर्षं मनातल्या मनात तिला बघत आले होते. तू दगदग केलीस की तिचे हाल होतात, तू पाणी प्यायला नाहीस की तिला तहान लागते. तुझ्यापेक्षा तिचीच विचारपूस जास्त केली असेन. समोर आली की ओळख पटेल अशी माझी खात्री होती. आपलं मूल शाळेच्या गर्दीत पाठमोरं असलं तरी कळतं, तसं.

मी नीट बघितलं. राखाडी, गुबगुबीत, तुझ्या श्वासाबरोबर जराशी खालीवर होणारी. डॉक्टरने बटण दाबलं तसं तिच्यातून वाहणारं रक्त लाल-निळं दिसायला लागलं, तुझ्या ठोक्यावर. तू मधेच हसलास तशी तीही हलली.

मला ओळखता आली नाही, ढब्बू. ती तुझीच दिसत होती.

ताई